आमच्या वॉर्डाचा मेंबर नक्की काय करू शकतो?

यावेळच्या टपालात ग्रामपंचायतीविषयीची पत्रं जास्त आहेत. पत्र वाडीतलं असो की मोठ्या बाजारगावातलं, तक्रार एकाच वळणाची आहे: मेंबरना सांगितलं, मेंबर ‘बघतो’ म्हणाले, पुढे काही हललं नाही. उत्तरं देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ग्रामपंचायत सदस्याला एकट्याला कायद्याने फार थोडे अधिकार आहेत. लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात, त्यातलं त्याचं मत एक. तो फोनवरून शिपायाला सांगून एखादी तोटी बसवून घेईल, पण त्यापुढचं काम सभेत विषय मांडून, ठराव करून आणि तो ठराव वहीत नीट लिहिला गेला की नाही हे पाहूनच होतं. चांगला सदस्य ओळखायचा तो इथे. खालची उत्तरं याच अंगाने वाचावीत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच निवडून आले आहे. सभेला घरातून मिस्टर जातात. दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घरी आणतो आणि मी सही करते. सगळीकडे असंच चालतं असं सांगतात. यात काही अडचण येऊ शकते का? (एक सदस्या, खटाव तालुका)

येऊ शकते, आणि ती अडचण तुमच्यावरच येईल. सभेत बसण्याचा हक्क निवडून आलेल्या व्यक्तीचा आहे. पती, दीर किंवा मुलगा तिथे बसू शकत नाही. उद्या लेखापरीक्षणात एखादा खर्च चुकीचा ठरला, तर ठरावाखाली ज्यांची सही आहे त्यांना जबाब द्यावा लागतो. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. शिवाय परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यास सदस्यपद जातं. घरी केलेली सही हजेरी मानायची की नाही, हा वाद विरोधी गटाने काढला तर तो अंगाशी येतो.

पुढच्या सभेपासून एवढं करा. सभेची नोटीस विषयपत्रिकेसह किमान तीन पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे. ती घेताना नोटीसबुकावर सहीसोबत तारीखही घाला. विषयपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ अशी शेवटची ओळ असते, तिच्यावर लक्ष ठेवा. लाइटचं साहित्य, पंपदुरुस्ती, मुरूम टाकणं असले खर्च बरेचदा या ओळीखालून मंजूर होतात, कारण तोवर निम्मे लोक चहा घेऊन उठलेले असतात. सभा पूर्ण होईपर्यंत बसून राहणं हेच इथलं अर्धं काम.

इतिवृत्ताच्या वहीत, म्हणजे आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो त्यात, प्रत्येक ठरावाला क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक आणि खर्चाचा असेल तर आकडा असतो. हजर सदस्य निम्म्याहून कमी असतील तर गणपूर्ती होत नाही आणि ती सभा तहकूब करावी लागते. सही करण्याआधी दोन ठरावांमध्ये कोऱ्या ओळी सोडल्या आहेत का ते पाहा. असतील तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा आणि मगच सही करा. एखादा ठराव पटला नाही तर नुसतं गप्प बसू नका. ‘माझा विरोध कारणासह नोंदवावा’ असं म्हणा आणि तो लिहिलेला स्वतः वाचा. जो विषय आणायचा आहे तो सभेच्या आठ-दहा दिवस आधी सरपंचांच्या नावे कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का घ्या. तोंडी सांगितलेला विषय विषयपत्रिकेवर यायला फार नशीब लागतं.

दर महिन्याला नमुना ५, म्हणजे रोकडवही, आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून शिल्लक जुळते का तेवढं बघायला मागा. हिशेबाचं शिक्षण नसलं तरी दोन आकडे सारखे आहेत की नाहीत हे कोणालाही कळतं. जुळत नसतील तर न वटलेला धनादेश आहे, की वसूल झालेली रक्कम बँकेत भरायची राहिली आहे, हे भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, सांगायचं. वसुलीचे पैसे कित्येक दिवस हातात राहणं हा गावोगावचा जुना आजार आहे, आणि तो सर्वात आधी याच ठिकाणी दिसतो.

आणखी एक. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. ती खरोखर भरवणं हे तुमच्या हातात आहे, कारण बायका तुमच्या बोलावण्याने येतील.

प्रश्न : आमची वस्ती गावाच्या टोकाला आहे. नळाला पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, वासही येतो. मेंबर म्हणतात, टाकीत रोज टीसीएल टाकतो, पाणी शुद्धच आहे. खरं कसं ओळखायचं? (कराड तालुका)

टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली जात असेलही. पाणी शुद्ध आहे की नाही हे मात्र टाकीवर ठरत नाही, तुमच्या टोकाच्या नळावर ठरतं. त्यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करायची. छोट्या परीक्षानळीत दहा मिलिलिटर पाणी घेऊन ओटीचे एक-दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. रंगच आला नाही तर ते पाणी प्यायचं नाही, उकळूनच वापरायचं. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं. ओटीची बाटली आणि नळी जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाकडे, असते. वॉर्डाच्या सदस्याने आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत टोकाच्या नळावर उभं राहून ही चाचणी बघितली, तर निम्म्या तक्रारींचा तिथेच छडा लागतो.

आता टीसीएलचं प्रमाण. पावडर ताजी असेल, म्हणजे तीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असेल, तर हजार लिटरला ५ ग्रॅमच्या हिशेबाने ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम लागते. अडचण अशी की ही पावडर टिकत नाही. दमट हवा, ऊन आणि उघडं पोतं या तिन्हींनी तिचा जोर उतरतो. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, गळक्या पत्र्याखाली, उघड्या पोत्यात ठेवलेली पावडर पावसाळ्यात पाहावी: गठ्ठे झालेले, हाताला ओलसर, आणि डोळ्यांना झोंबणारा वास गेलेला. जलसुरक्षक मात्र वाटीने तेवढीच मोजून टाकत असतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवून क्लोरीनचं प्रमाण कळतं. २५ टक्के निघालं तर त्याच टाकीला ३३० ग्रॅम टाकावी लागेल. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायचीच नाही. म्हणून सदस्यांनी स्वस्त पडते म्हणून वर्षाची पावडर एकदम घ्यायला मंजुरी देऊ नये. दोन-तीन महिन्यांपुरती घ्यावी, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, जमिनीपासून वर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावी, आणि डब्यावर आणल्याची तारीख लिहावी.

टाकण्याची पद्धतही बिघडते. पावडर वरून तशीच टाकीत ओतली तर चुना तळाला बसतो आणि क्लोरीन सगळीकडे पोचत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून लगदा करायचा, मग बादली भरून ढवळायचं, पंधरा मिनिटं निवळू द्यायचं आणि वरचं स्वच्छ पाणी टाकीत सोडायचं. हे टाकी भरत असताना केलं की मिसळण नीट होते. खालचा चुना टाकीत जाऊ द्यायचा नाही. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. घाईच्या दिवशी हा अर्धा तासच आधी कापला जातो.

तुमच्या वर्णनावरून मात्र दोष पाइपलाइनचा वाटतो. पहिली दहा मिनिटंच गढूळ येतं, नंतर निवळतं, याचा अर्थ मधल्या वेळात पाइपात बाहेरचं पाणी शिरतं. पाणी बंद झालं की रिकामा पाइप आत ओढ घेतो. तो गटारातून गेला असेल आणि जोड ढिला असेल, तर गटाराचं पाणी आत जातं. दाब कमी म्हणून टोकाच्या वस्त्यांवर लोक खड्डा खणून नळ खाली घेतात. असा खड्ड्यातला नळ तोटीशिवाय उघडा असला की खड्ड्यात साचलेलं सांडपाणी त्याच वाटेने सगळ्या आळीच्या पाइपात जातं. तुमच्या सदस्यांसोबत एकदा टाकीपासून वस्तीपर्यंत लाइनवरून चालत जा. गटार ओलांडणारी प्रत्येक जागा, खड्ड्यातला प्रत्येक नळ आणि तोटी नसलेली प्रत्येक जोडणी कागदावर लिहा. हा कागद जोडून ‘गटारातील पाइप वर उचलणे, खड्ड्यातील नळ बंद करणे, तोट्या बसवणे’ असा विषय सभेत मांडला तर त्याला अंदाजपत्रक लावता येतं. ‘पाण्याची तक्रार’ असा मोघम विषय गेला की ठराव होतो, काम होत नाही.

पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य विभाग पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. तुमच्या गावाला कोणतं मिळालं ते विचारा. लाल असेल तर सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्रुटी नावानिशी लिहिलेल्या असतात, आणि त्या वाचायला मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : पाणी सुटलं की वरच्या आळीतले थेट नळाला मोटर लावतात. सदस्यांनाच मतं जाण्याची भीती. काय उपाय? (तासगाव तालुका)

भीती खरी आहे, म्हणून एकट्या सदस्याने दारोदार जाऊन भांडू नये. विषय ग्रामसभेत आणावा आणि दंड किती, दुसऱ्यांदा सापडल्यास जोडणी किती दिवस बंद, हे सगळं ठरावातच लिहावं. मग कारवाई गावाची होते, एका माणसाची राहत नाही. सोबत तांत्रिक बाजू सुधारा. सगळ्या गावाला एकदम पाणी सोडल्याने टोकाला दाब पोचत नाही आणि मग मोटरी लागतात. व्हॉल्व्ह फिरवून आळीवार वेळा ठरवल्या की मोटरीची गरज बरीच कमी होते. काही गावं पाणी सोडण्याच्या वेळेत महावितरणशी बोलून गावठाणाची वीज बंद ठेवतात. उपाय चालतो, पण दवाखाना, गिरणी आणि आजारी माणसाचं घर यांचा विचार करून.

प्रश्न : आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता होणार आहे. मागच्या गल्लीचा दोन वर्षांत उखडला. काम चालू असताना सदस्याने आणि आम्ही काय बघायचं? (वाळवा तालुका)

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रकाची प्रत घ्या. त्यात लांबी, रुंदी, जाडी आणि काँक्रीटची प्रत लिहिलेली असते. समजा १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्ता आहे. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीला, म्हणजे एकास दीड आणि तीन या मिश्रणाला, घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट लागतं. तेव्हा ३६० पोती. जाडी १५ ऐवजी १० सेंटिमीटर भरली तर काँक्रीट ३० घनमीटरच होतं आणि १२० पोती वाचतात. ही बचत नंतर वरून दिसत नाही. म्हणून जाडी काँक्रीट पडतानाच मोजायची. दोन्ही बाजूंच्या चॅनेलच्या (काँक्रीट अडवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या) माथ्यावरून आडवी दोरी ताणा आणि दोरीपासून खालच्या थरापर्यंत टेप धरा, कडेला आणि मधोमध. कडेला पूर्ण आणि मध्ये खालचा थर फुगवटा देऊन वर आणलेला, ही नेहमीची युक्ती आहे.

खालचा थर त्याहून महत्त्वाचा. कृष्णाकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर कितीही सिमेंट घातलं तरी रस्ता तडकतो. माती काढून मुरूम-खडीचा थर पसरला का, पाणी मारून रोलर फिरवला का, हे बघा. जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा चढवला की रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर जातो आणि पावसाचं पाणी घरात येतं. ही तक्रार काम झाल्यावर करून उपयोग नसतो. तीन मीटर रुंदीत पाण्याला गटाराकडे साधारण सहा सेंटिमीटर उतार हवा.

काँक्रीट ओतायच्या आधी नळाचे आणि सांडपाण्याचे आडवे पाइप टाकून झालेत का? ज्या घरांच्या जोडण्या पुढे होणार आहेत त्यांच्यासाठी रिकामा पाइप सोडून ठेवणं दोनचारशे रुपयांचं काम आहे. ते राहिलं तर वर्षाच्या आत कोणीतरी रस्ता फोडतो, आणि फोडलेली पट्टी परत कधीच नीट होत नाही.

मिश्रणात पाणी किती घालतात त्यावर नजर ठेवा. ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरच्या वर पाणी जाता कामा नये. जास्त पाण्याने माल पसरायला सोपा जातो म्हणून कामगार बादली वाढवतात. तसा रस्ता पहिल्या वर्षीच वरून भुरभुरतो, झाडलं की पांढरी धूळ निघते. काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर फिरला पाहिजे. दर चार-पाच मीटरवर आडवे सांधे एका दिवसाच्या आत कापले पाहिजेत, नाहीतर रस्ता स्वतःच मनाला येईल तिथे तडकतो. नंतर चौदा दिवस पाणी. मातीचे वाफे करून पाणी साठवलं तर उत्तम, गोणपाट ओलं ठेवलं तरी चालेल, पण सकाळी एकदा पाइपने शिंपडून गेलं की झालं, हे चालणार नाही. आणि उसाची भरलेली ट्रॉली तीन-चार आठवडे त्यावर येऊ देऊ नका. गळीत हंगामात काम असेल तर यावर सदस्याने ठाम राहायला हवं.

बिल निघण्याआधी शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत मापं लिहितात. त्या दिवशी सदस्याने आणि गल्लीतल्या दोघा-तिघांनी हजर राहावं. स्वतः घेतलेली मापं, तारखा आणि दोरी-टेपसह काढलेले फोटो तेव्हा कामी येतात. काम सदोष असेल तर पूर्णत्वाचा दाखला देण्याआधी लेखी हरकत द्यावी, बिल निघाल्यावर नाही.

प्रश्न : आमच्या सदस्यांच्या भावाच्या नावावर ग्रामपंचायतीची कामं असतात. चालतं का? (माण तालुका)

ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली तो अपात्र ठरू शकतो. निर्णय जिल्हाधिकारी देतात. नुसतं नातं पुरेसं नसतं, पैशाचा संबंध दाखवावा लागतो: एकत्र कुटुंब, सामाईक खातं, सदस्याचाच ट्रॅक्टर किंवा जेसीबी कामावर असणं. याच कलमात सरकारी जागेवरचं अतिक्रमण आणि बिल मिळूनही मुदतीत न भरलेली घरपट्टी ही कारणंसुद्धा आहेत. सदस्य होऊ इच्छिणाऱ्यांनी आधी आपली पावती पाहावी.

प्रश्न : कोणतंही काम सांगितलं की ‘निधी नाही’ हेच उत्तर. पण वित्त आयोगाचे पैसे आल्याचं ऐकतो. (जावळी तालुका)

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित होता: निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित. म्हणजे खात्यात पैसे दिसत असले तरी त्यातून सभामंडप बांधता येत नाही. शिवाय जे काम गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात नाही त्यावर हा निधी खर्चता येत नाही. लोक नेमके इथे चुकतात. आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला कोणी जात नाही, आणि मे महिन्यात काम मागायला येतात. आराखड्यात कोणती कामं आहेत आणि किती खर्च झाला हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे मार्चअखेर घाईत संपवले जातात. सदस्याने ऑक्टोबरातच विचारावं की रक्कम किती होते आणि ती कशावर घालायची. दिव्यांग व्यक्तीला काय हवं आहे हे तिच्या घरी जाऊन विचारलेलं बरं. सगळ्यांना एकच वस्तू वाटणं सोपं असतं, उपयोगी असेलच असं नाही.

प्रश्न : घरपट्टी थकली म्हणून मुलाच्या जन्माचा दाखला अडवला. मेंबरनी मध्यस्थी करायला नको का? (शिराळा तालुका)

मध्यस्थीची गरजच पडू नये. जन्म-मृत्यूची नोंद वेगळ्या कायद्याखाली होते, तिचा घरपट्टीशी संबंध नाही. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर विलंब शुल्कही नाही. थकबाकी नसल्याचा दाखला मात्र थकबाकी भरल्याशिवाय मिळणार नाही, ते साहजिक आहे. जन्मदाखला आणि नमुना ८ चा उतारा या लोकसेवा हक्क कायद्यातल्या, २०१५ पासूनच्या मुदतीच्या सेवा आहेत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मुदत उलटली तर पंचायत समितीकडे अपील करा.

नमुना ८ विषयी एक खुलासा, कारण यावर पत्रं नेहमी येतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. त्यावर पती-पत्नी दोघांची नावं लावून घ्यावीत. हे काम सदस्याने आपल्या वॉर्डात घरोघर करून घेतलं तर पुढे विधवा झालेल्या बाईला कागदासाठी हेलपाटे पडत नाहीत.

प्रश्न : पाणंद शेजाऱ्याने नांगरून टाकली. ग्रामपंचायतीने ठराव दिला, पण रस्ता खुला होत नाही. (आटपाडी तालुका)

शेतरस्त्याचा अडथळा काढायचा अधिकार तहसीलदारांचा आहे, ठराव त्याला फक्त आधार देतो. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. पाणंद नकाशावर असेल तर ते अतिक्रमण आहे, तसा अर्ज करा. नकाशावर नाही पण वहिवाट होती आणि आता अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा करा. त्याला अडवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि गावातल्या बैठका घेत बसण्यात तीच निघून जाते. शेताला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येतो. सदस्याचा उपयोग स्थळपाहणीच्या दिवशी: वहिवाट सांगणारे आजूबाजूचे वयस्क शेतकरी हजर ठेवणं, आणि दोन्ही घरांना बोलतं ठेवणं. समझोता झालाच तर तो लेखी, रुंदी फुटात लिहून.

प्रश्न : आमचं गाव नदीकाठी आहे. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा बाहेर पडावं लागलं. पावसाळ्याआधी वॉर्डाच्या सदस्याने काय तयारी ठेवावी? (पलूस तालुका)

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पण तुमच्या वॉर्डाला हे आकडे तसेच उपयोगी पडत नाहीत. सदस्याने मे महिन्यात जुन्या माणसांना सोबत घेऊन लिहून काढावं: आयर्विनला किती फूट झाले की आपल्याकडे कोणत्या ओढ्याला फुगवटा येतो, बाहेर जायचा रस्ता केव्हा बंद होतो, पहिलं पाणी कोणाच्या घरात शिरतं. रस्ता बंद होण्याची पातळी ही तुमची खरी धोका पातळी. त्याच्या कितीतरी आधी माणसं निघाली पाहिजेत.

घरवार यादी करा. अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका, बाळंतिणी, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेले, एकटे राहणारे म्हातारे, आणि प्रत्येक गोठ्यातली जनावरं. लोक निघत नाहीत ते जनावरांपायी. जनावरांना दावण आणि चाऱ्याची जागा आधी ठरलेली असेल तर घर लवकर हलतं. ती जागा कुठली, वैरण कोण देणार, हे जूनच्या सभेतच ठरवून लिहून ठेवा.

बोट असेल तर ती आत्ताच पाण्यात उतरवून बघा, इंजिन चालवा, लाइफ जॅकेट मोजा. क्षमता किती माणसांची आहे ते बोटीवर रंगाने ठळक लिहा आणि बसवणारा एकच माणूस नेमा. तुमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून माणसं गेली, तेव्हा बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. घाबरलेल्या गर्दीला नकार देणं फार कठीण असतं. म्हणून तो नकार कोण देणार हे आधी ठरलेलं हवं, आणि त्या माणसाच्या पाठीशी सरपंचांसह सगळ्या सदस्यांनी उभं राहायला हवं.

पाणी ओसरल्यावर विहिरी उपसून मगच टीसीएल टाकायची. गोल विहिरीतलं पाणी काढायचं तर व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि पुन्हा ७८५ ने गुणा, लिटर मिळतात. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. पुरानंतर नेहमीच्या प्रमाणावर भागत नाही, आरोग्य केंद्र सांगेल तेवढा जादा डोस द्यायचा. शेवटी ओटी टेस्ट करून मगच पाणी खुलं करायचं.

पंचनाम्याच्या वेळी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र येतात. घर साफ करण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसह फोटो काढून ठेवायला सगळ्यांना सांगा. घर धुतल्यावर पुरावाही जातो. भाडेकरू, ऊसतोड मजूर आणि वाट्याने शेती करणारे यांची नावं यादीतून हमखास गळतात, कारण कागद दुसऱ्याच्या नावावर असतो. सदस्याने पथकासोबत प्रत्येक दारात जावं, यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला लावावी, आणि ज्यांचं नाव नाही त्यांचे अर्ज त्याच आठवड्यात तहसील कार्यालयात पोच घेऊन द्यावेत.